आधी पुसणं

गेल्या वर्षीच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी कीर्तनकार महाराजांनी भर मंडपात माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, "या बाई रोज देवपूजा करतात. यांचा देव खाटेवर निजलेला असतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बायकांनी वळून पाहिलं, शेजारच्या काकूंनी पाठीवरून हात फिरवला. महाराजांच्या मनात आदरच होता आणि तो मला पोचला. पण घरी येताना ते वाक्य चपलेत खडा जावा तसं बरोबर आलं. सव्वीस वर्षं मी नर्सिंग करते आहे. रुग्ण हाच देव, हे मी शाळेच्या फळ्यावर वाचलंय, दवाखान्यांच्या भिंतींवर वाचलंय, आईकडून तर लहानपणापासून ऐकलंय. तरी मला ते पुरतं पटत नाही. का पटत नाही, हे एकदा नीट लावून पाहावं म्हणून लिहायला बसले.

आईची पूजा मी रोज पाहत आले. कोमट पाणी, गंध, तुळस, हळद-कुंकू, साखरेचा नैवेद्य. विठोबाला अंघोळ घालताना तिनं कधी विचारलं नाही की पाणी फार गार तर नाही ना. विचारायचं कारणच नव्हतं. देवाला काय हवं ते भक्ताला ठाऊक असतं, आणि जे मिळेल ते देव गोड मानून घेतो. पूजा अशीच असते, त्यात उणं काही नाही. पण तीच खात्री मनात धरून मी खाटेपाशी गेले तर काय होतं? हुडहुडी भरलेल्या म्हातारीला मी स्पंजिंग करते. ज्या कुशीवर दुखतंय त्याच कुशीवर वळवते. आणि तीही देवासारखीच काही बोलत नाही. दवाखान्यात आलेला गरीब माणूस बहुतेक वेळा बोलत नाहीच. "काही नाही जी, बरं आहे," एवढंच म्हणतो.

मी बेल्याची. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे मंडलाचं गाव, कोरपना-गडचांदूरकडून आदिलाबादला जाणाऱ्या रस्त्यावरचं. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. १९५६ साली भाषावार राज्यं झाली तेव्हा याच जिल्ह्यातला राजुरा तालुका मराठी मुलखात गेला आणि आम्ही इकडे राहिलो. सरकार तेलंगणाचं, घरातली भाषा मराठी, गुड्यांवर गोंडी आणि कोलामी, बाजारात थोडी दखनी, आणि दवाखान्याच्या कागदांवर इंग्रजी. कापूस वेचताना कंबर धरलेली कोलाम बाई ओसरीत येते तेव्हा तिचं दुखणं आधी शेजारणीच्या मराठीत येतं, माझ्या डोक्यात शिरतं आणि कागदावर इंग्रजीत उतरतं. एवढ्या वाटेत किती सांडतं, याचा हिशोब कुठल्याही रजिस्टरात नाही.

नर्सिंगच्या शाळेत पहिला मोठा शब्द शिकवतात तो असेसमेंट. त्याची दोन खाती. रुग्ण स्वतः सांगतो ते एक, आणि आपण बघतो, हात लावून पाहतो, मोजतो ते दुसरं. परीक्षेत दोन्हीला सारखे मार्क. कामावर मात्र दुसरंच खातं आधी भरतं, कारण त्यात आकडे असतात आणि राउंडला आलेला डॉक्टर आकडे विचारतो. ताप किती, नाडी किती, बीपी किती, ऑक्सिजन किती. पहिल्या खात्यात एक ओळ: पोटदुखी, २ दिवस.

आकड्यांना मी कमी लेखत नाही. ताप आलेल्या लहान लेकराचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजल्याशिवाय मी त्याला आईच्या कडेवर परत देत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५०, पाच वर्षांच्या आतल्याचा ४०, एवढं पाहूनही न्यूमोनियाचा संशय घेता येतो आणि लेकरू वाचतं. आशाताईंना हे तोंडपाठ असतं. मोठ्या माणसाचा श्वास मोजायची मात्र एक वेगळी रीत आहे. श्वास मोजतेय असं त्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो बदलतो. म्हणून मनगट धरून नाडी मोजायची, नाडी मोजून झाली तरी बोटं तिथंच ठेवायची आणि नजर छातीवरच्या सदऱ्याकडे न्यायची. सदरा वर येतो, खाली जातो. माणसाला वाटतं बाई अजून नाडीच बघतेय. हे हजारो वेळा केलंय आणि दर वेळी मनात येतं, शरीर आपलं आपण काही सांगत असतं तेव्हा धनी गाफील असावा लागतो. आणि धन्याला काही सांगायचं असतं तेव्हा मी गाफील असून चालत नाही.

दुखणं मोजायलाही आकडा आहे. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. आमच्याकडे तो नीट चालत नाही. शाळेत जाणाऱ्या पोराला "दहापैकी किती?" विचारलं की त्याला मार्क आठवतात. कळवळत असतो आणि लाजत म्हणतो, "चार." म्हाताऱ्या माणसांना मी दहा सोडून रुपया देते. "आजी, रुपयातलं किती आणे दुखते?" एक आजी क्षणभर डोळे मिटून आत पाहून आली आणि म्हणाली, "चौदा आणे, माय." राहिलेले दोन आणे कशाचे, तेही तिनं सांगितलं. मरणाचे. एवढी चोख नोंद मी कुठल्या केसपेपरवर पाहिलेली नाही.

आणि शब्द! मराठीत दुखण्याला जेवढे शब्द आहेत तेवढे माझ्या इंग्रजी पुस्तकात नव्हते. ठणका म्हणजे ठोक्याठोक्याला दुखणं, तिथं बहुधा पू धरलेला असतो. कळ येते आणि जाते, पोटात नळी आवळली की तशी. चमक निघते ती पाठीत, वाकताना. आग होते ती कातडीची किंवा नसेची. मुरडा वेगळा, गोळा वेगळा. कणकण म्हणजे ताप अजून काचेवर चढलेला नाही, पण अंगाला कळलेला आहे. आणि कुणी "जीव कसातरी होते" म्हणालं तर ते हसण्यावारी न्यायचं नाही, आधी बीपी बघायचं, छातीचा कागद काढायचा. शिकाऊ मुली हे सगळं एका शब्दात गुंडाळतात, पेन. मी त्यांना सांगते, रुग्णाचा शब्द आहे तसा लिहा, मराठीत लिहा, अवतरणचिन्हात लिहा. वेदना हा शब्द जाणणं या अर्थाच्या विद् धातूपासून आलेला आहे, वेद आला तिथूनच. बौद्ध मताप्रमाणे तर सुखाची, दुःखाची आणि ना सुख ना दुःख अशी कुठलीही जाणीव वेदनाच. म्हणजे दुखणं ही आधी जाणलेली गोष्ट. फक्त ती एकालाच ठाऊक असते आणि दुसऱ्याकडे न्यायला शब्दाखेरीज वाहन नाही.

शब्दावर किती भार असतो, ते मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तेव्हा मी इथे नव्हते, दुसरीकडे एका छोट्या दवाखान्यात रात्रपाळीला होते. दिवस फवारणीचे. बैलगाडीतून एका तरुण माणसाला आणलं, उलट्या चाललेल्या, बरोबर भाऊ. मी भरभर विचारलं, "औषध घेतलं का काही?" भाऊ म्हणाला, "हो, घेतलं ना बाई. दुपारी." मी लिहिलं, घरी औषधोपचार झाला आहे. पित्त असेल, उन्हाचं असेल असं धरून चालले आणि दुसऱ्या खाटेकडे वळले.

शेतकऱ्याच्या घरात गोळीला औषध म्हणतात आणि कपाशीवर मारायच्या विषालाही औषधच म्हणतात. मी त्याच घरात वाढलेली. माझ्या बापाच्या छपरीत औषधाचा डबा खुंटीला होता आणि आम्हा पोरांना त्याला शिवायची बंदी होती. तरी त्या रात्री पांढरा गणवेश अंगावर होता म्हणून की काय, मला औषध म्हणजे फक्त गोळीच ऐकू आली. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं ओलं, छातीत घरघर. बॅटरी मारून डोळे पाहिले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सदऱ्याला नाक लावलं तर तोच वास, आमच्या छपरीतला. मग डॉक्टरांना उठवलं, ॲट्रोपिन चालू झालं, सकाळपर्यंत दर काही मिनिटांनी नाडी, बाहुल्या, छाती. तो जगला. भाऊ खोटं बोलला नव्हता. मी विचारलं त्याचं त्यानं खरं उत्तर दिलं होतं. फवारताना अंगावर उडालं की मुद्दाम घेतलं, हे त्याला सांगवत नसेल, पण मीही तिथवर विचारलं नव्हतं. माझ्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेलं होतं, त्यानं फक्त मान डोलावली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं गेली तेव्हा मला पेपर वाचवत नव्हता. आता कुणीही आलं तरी माझा प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं औषध? डबा आणला का?"

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली नर्सिंगवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यात रुग्णाकडे पाहावं कसं यावर वेगळं प्रकरण आहे आणि अशाच प्रश्नांवर ती रागावलेली आहे. रात्र चांगली गेली का असं विचारून काय कळणार, किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कुठल्या वेळी लागली ते विचारा, असा तिचा आग्रह. हे मी शिकत असताना वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. वाचलेलं हातात उतरायला एक माणूस अर्धा तास लाळ गाळत पडावा लागला.

मग मी जुन्या पोथ्यांकडे वळले. मला बघायचं होतं, आपल्याकडे या विचारण्याला धर्मात काही जागा आहे की नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार-चार गुण. शुश्रूषा करणाऱ्याला शुश्रूषेचं ज्ञान हवं, हात कुशल हवेत, रुग्णावर माया हवी, शुचिता हवी. वाचून बरं वाटलं. आपल्याला वैद्याच्या पंगतीत बसवलंय. पुढे रुग्णाचे गुण: स्मरणशक्ती, सांगितलेलं ऐकणं, न घाबरणं, आणि चौथा ज्ञापकत्व, म्हणजे आपलं दुखणं नीट सांगता येणं. इथे मी थांबले. ज्याला सांगता येत नाही त्याचं काय? तो वाईट रुग्ण? त्या कोलाम बाईच्या चार पायांतला एक आधीच लुळा?

त्याच संहितेच्या विमानस्थानात याच्या पुढची गोष्ट आहे. आप्तांचा उपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान या तिन्हींनी रोग जाणावा. जीभ सोडून बाकी सगळ्या इंद्रियांनी रुग्णाला पाहावं, आणि शरीराची चव अनुमानानं ओळखावी: उवा अंग सोडून जातात का, माश्या अंगावर धावतात का. लिहिणाऱ्यानं किती वेळ रुग्णापाशी बसून काढला असेल! तिथेच वैद्यानं ज्ञानाचा दिवा घेऊन रुग्णाच्या अंतरात्म्यात शिरण्याची कल्पना आहे. ती फार सुंदर आहे, आणि मला तीच अवघड जाते. मी इतक्या वर्षांत कुणाच्या आत शिरलेली नाही. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि हाक मारली. कुणी दार उघडलं, कुणी फटीतून बोललं, कुणी आतून कडी लावली. दिवा माझ्याकडे असेल, पण घर त्याचं आहे.

मला हवं होतं ते पोथीत सापडलं नाही, एका विहारात सापडलं. आमच्या भागात बौद्ध घरं बरीच आहेत. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. एका बाळंतिणीला भेटून परतत होते, पाऊस आला म्हणून विहाराच्या ओट्यावर थांबले. आत एक शाळकरी मुलगी वाचत होती, गोष्ट आजारी भिक्खूची. मूळ ती विनयपिटकातली. एक भिक्खू अतिसारानं स्वतःच्याच घाणीत पडलेला आहे. बुद्ध आणि आनंद फिरत फिरत त्याच्या खोलीशी येतात. बुद्ध त्याला विचारतात, तुला काय होतंय? तो सांगतो, अतिसार. तुझं करणारं कुणी आहे का? नाही. का नाही? तो म्हणतो, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझं करत नाहीत. मग बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात. बुद्ध पाणी ओततात, आनंद अंग धुतो. एक डोक्याकडे, एक पायाकडे होऊन त्याला उचलतात आणि खाटेवर निजवतात.

माझ्या अंगावर शहारा आला. करुणेची ही गोष्ट जगाला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला दिसला तो तिचा क्रम. घाण समोर दिसत होती, वास येत असेल. काय झालंय हे न विचारताही कळत होतं. तरी पाण्याच्या आधी तीन प्रश्न आले. आणि तिसऱ्या प्रश्नाला जे उत्तर आलं ते कुठल्याही तपासणीत सापडलं नसतं. त्याचा आजार अतिसार होता, आणि मी कुणाच्या उपयोगाचा नाही, हाही होता. आधी धुतलं असतं आणि निघून गेले असते तर पहिला आजार कळला असता, दुसरा राहून गेला असता.

आमच्या वऱ्हाडी बोलीत विचारण्याला पुसणं म्हणतात. "त्याले पूस ना, काय पाहिजे." आणि घाम, लाळ, रक्त पुसायचं तेही पुसणंच. संस्कृतातली मुळं वेगळी आहेत असं भाषेची जाणकार माणसं सांगतात, असतील. मराठीनं ती एका शब्दात आणून ठेवली आणि माझा सगळा धंदा त्या एका शब्दात बसतो. विहारातल्या गोष्टीनं मला एवढंच दाखवलं की दोहोंतलं आधी कुठलं.

याला उत्तर आहे, आणि ते मी स्वतःलाच पुष्कळदा दिलंय. एकनाथ महाराजांची गोष्ट घ्या. काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती, वाटेत वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातलं. तिथे कोण कुणाला पुसत बसणार? खरं आहे. अपघाताचा माणूस येतो तेव्हा मीही आधी श्वासाची वाट मोकळी आहे का ते बघते, रक्त थांबवते, नाव मागून विचारते. तहान, गुदमर, रक्त, हे डोळ्यांना दिसतं. ज्याला वाचा नाही त्याचं सगळं असेसमेंट डोळ्यांनी आणि हातांनीच करायचं असतं, आणि नाथांइतकं नीट पाहणं आम्हाला जमलं तरी पुष्कळ झालं. पण न दिसणाऱ्या दुखण्याचं काय करायचं?

सिकलसेल आमच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत घरोघर ठाऊक असलेला आजार. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडांत असा ठणका उठतो की धडधाकट पोरगा भिंतीवर डोकं आपटतो. सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीला रात्री आणलं होतं. ताप नाही, बीपी ठीक, ऑक्सिजन ९८. पायावर सूज नाही, मार नाही. मागच्या महिन्यातही अशीच आली होती. ड्यूटीवरचं कुणीतरी म्हणालं, "सवय लागली हिला इंजेक्शनची." मुलीनं ते ऐकलं. तिनं रडणं थांबवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. आवाज थांबला म्हणून लोकांना वाटलं, बरं वाटायला लागलं.

मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सनं १९६८ साली वेदनेची व्याख्याच बदलली. ज्याला दुखतंय तो म्हणेल ते दुखणं, तो म्हणेल तेव्हा ते आहे, असा तिचा अर्थ. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे भाबडं वाटलं होतं, उद्या कुणीही काहीही सांगेल. त्या मुलीच्या पाठीकडे बघताना कळलं की दुसरा मार्गच नाही. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणं मानतात. चौथं विश्वासू माणसाच्या बोलण्याचं. या मुलीच्या हाडांपुरता जगात एकच आप्त आहे, ती स्वतः. तिचा शब्द घेतला नाही तर मोजायला दुसरं काही हातात उरत नाही. मी खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेले, भिंत आणि खाट यांच्या सांदीत बसले म्हणजे तिला तोंड फिरवावं लागू नये, आणि विचारलं, "बाई, कुठून सुरू झालं?" तिनं गुडघा दाखवला. मग मांडी. मग बोलत गेली.

आपण विचारत नाही म्हणून किती दडून राहतं, याचा एक दाखला गडचिरोलीचा. राणी बंग आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. मी हे शिकाऊ मुलींना सांगते तेव्हा त्या म्हणतात, बायकाच सांगत नाहीत मॅडम. मी म्हणते, सासू बाकड्यावर शेजारी बसलेली असताना तू सुनेला काय विचारलंस? सासूला चहाला पाठव, मग विचार.

भगताकडे लोक का जातात, याचंही मला उत्तर मिळालंय. त्याच्या उपचारावर माझा विश्वास नाही. साप चावल्यावर त्याच्या अंगणात घालवलेल्या वेळानं माणसं गेलेली मी पाहिलीत, आणि त्याबद्दल मी गावात मोठ्यानं बोलते. पण तो विचारतो. कुणाच्या घरी गेली होतीस, काय खाल्लं, वाटेत कोण भेटलं, सपनात काय दिसलं, घरात कुणाशी बोलणं बंद आहे. अर्धा तास. आमच्या ओपीत एका चिठ्ठीला दोन-तीन मिनिटं मिळतात. गाडगेबाबांचं कीर्तनही मला या कामी आठवतं. ते सांगण्यापेक्षा विचारायचे जास्त. अडाणी माणसाला प्रश्नामागून प्रश्न विचारून उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. देव दगडात शोधू नका म्हणणाऱ्या त्या माणसानं माणसाला कसं बोलतं करायचं ते दाखवून ठेवलंय. म्हणून सप्ताहातल्या महाराजांना पुढच्या वर्षी भेटले तर मी नमस्कार करून म्हणणार आहे, महाराज, खाटेवरच्या देवाला तेवढं माणूसच राहू द्या. तो माणूस असला तरच मला त्याला काही विचारता येतं.

अलीकडची एक गोष्ट. कुष्ठरोग शोधमोहिमेत आम्ही घरोघर चट्टे बघत होतो. आनंदवन इथून फार लांब नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला ते उभं केलं त्याला आता पाऊण शतक झालं, तरी चट्टा दाखवायला माणसं अजून बिचकतात. या आजाराची गंमत सिकलसेलच्या उलट. तिथे दिसत काही नाही आणि दुखतं. इथे दिसतं आणि दुखत नाही. दुखत नाही हीच खूण. तपासायला कापसाचा बारीक बोळा पुरतो. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर लावून दाखवायचं, कळलं का, मग डोळे मिटायला लावायचे. स्पर्श जाणवेल तिथे माणसानं बोट ठेवायचं.

एका ओसरीत साठीचे एक काका बसले होते. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा. मोहीम, रजिस्टर, दोन आशाताई, दारात जमलेली नातवंडं. काकांनी डोळे घट्ट मिटले, ओठही मिटले. मी मनगटापाशी बोळा टेकवला, त्यांनी बरोबर बोट ठेवलं. कोपराशी टेकवला, बरोबर. मग मी बोळा हातातच धरून थांबले, कुठेही लावला नाही. काकांनी बोट उचललं, थेट चट्ट्याच्या मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "इथं. इथं लागलं."

नातवंडांना वाटलं आजोबा पास झाले. एकानं टाळी वाजवली.

मी आशाताईंना म्हटलं, पोरांना जरा अंगणात न्या. त्या गेल्यावर मी काकांच्या शेजारी खाली बसले. त्यांनी अजून डोळे उघडले नव्हते. "काका," मी म्हणाले, "नाही समजलं तं नाही म्हणा. माझ्यापाशी चुकलं तरी चालते." ते थोडा वेळ गप्प राहिले. पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, त्या मी त्याच कापसानं पुसल्या. नवा बोळा घेतला.

"पुन्हा लावू का?" मी विचारलं.

त्यांनी हात पुढे केला.